पहिली मराठी वेबसाइट करताय? आधी 'पुऱ्या' शोधून बघा

नौपाड्यातल्या एका काकूंच्या घरगुती फराळाची वेबसाइट हे माझं पहिलं स्वतंत्र काम. तेव्हा मी ऐरोलीला नोकरी करत होते आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळालीच तर मांडीवर लॅपटॉप उघडत होते. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येत होतं. दहा दिवसांत होईल असं काकूंना सांगितलं आणि दीड महिना लावला. कोडमध्ये फारशी अडले नाही. अडले ते मराठी मजकुरात, फोटोंत आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे या प्रश्नात. यातलं काहीच कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर घोडबंदर रोडवरचा एक क्लास, वाशीच्या मसाला मार्केटमधले एक व्यापारी, कळव्यातले एक दंतवैद्य अशी कामं होत गेली. प्रत्येक ठिकाणी थोड्याफार फरकाने त्याच खड्ड्यांत पाय गेला, म्हणून हे लिहून ठेवते आहे. साधनांची यादी मुद्दाम लहान ठेवली आहे. '१०१ उपयुक्त टूल्स' छापाच्या याद्या मीही जमवल्या होत्या. त्यातली आज हाताशी असलेली मोजून आठ-दहा.

आधी जमवून ठेवा

तुमच्याकडे:
- निदान ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. फिग्मा आणि क्रोम एकदम उघडे ठेवायचे तर १६ बरा
- कोड लिहायला व्हीएस कोड, पान बघायला क्रोम आणि फायरफॉक्स
- गिट (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) आणि गिटहबवर (तो कोड ऑनलाइन ठेवायची जागा) खातं
- डिझाइनसाठी फिग्मा, नाहीतर मुक्त स्रोत असलेलं पेनपॉट
- फोटोंसाठी स्क्वूश. हे ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही
- पासवर्डसाठी बिटवॉर्डन
- तीन-चार वर्षं जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन. घरात कुणाचा तरी खणात पडलेला असतोच. हे यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं साधन आहे.

ग्राहकाकडून:
- लोगोची मूळ फाइल, व्हॉट्सॲपवरून आलेली नव्हे
- युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर लिहितो तशा मराठीत, टाइप केलेला मजकूर
- अन्नपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, १४ आकडी क्रमांक, आणि असेल तर जीएसटी क्रमांक
- आधीचं डोमेन किंवा ईमेल असेल तर त्याचं लॉगिन, आणि ते कुणाच्या नावावर आहे याचं उत्तर

शेवटचं उत्तर निम्म्या वेळा 'माझ्या भाच्याने केलं होतं' असं येतं. भाचा कुठे असतो ते तेव्हाच विचारून घ्या.

१. व्हीएस कोड एकदा नीट लावून घ्या

एक्स्टेन्शन दोनच पुरतात: प्रेटिअर (कोड नीटनेटका मांडतो) आणि लाइव्ह सर्व्हर (केलेला बदल लगेच ब्राउझरमध्ये दाखवतो). सेटिंगमध्ये ऑटो सेव्ह आणि 'फॉरमॅट ऑन सेव्ह' चालू करा. एमेट, म्हणजे छोट्या खुणेवरून पूर्ण कोड लिहून देणारी सोय, आतच असते. रिकाम्या एचटीएमएल फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबलात की पानाचा सांगाडा तयार होतो. त्या सांगाड्यात भाषा इंग्रजी लिहिलेली असते. तिथल्या तिथे बदलून मराठीचा कोड, म्हणजे 'एमआर', टाका. का ते चौथ्या पायरीत सांगते.

कंट्रोल-डी शिकून घ्या. एक शब्द निवडून ते दाबत गेलं की तोच शब्द पुढे जिथे जिथे आहे तिथे कर्सर बसत जातो. काकूंनी 'भाजणी चकली'चं 'भाजणीची चकली' करायला सांगितलं तेव्हा एका मिनिटात झालं.

थीम, आयकॉन, रंग यांत रविवार घालवू नका. मी दोन घालवले.

२. गिट पहिल्या दिवशीच

'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच' अशी फोल्डरं करायची सवय असेल तर ती इथे सोडा. लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं. आपल्याला त्यातल्या चार-पाच आज्ञाच लागतात: इनिट, ॲड, कमिट (बदलाची नोंद), पुश (गिटहबवर ढकलणं), लॉग. कमिटचा संदेश मराठीत लिहिला तरी चालतो. 'दिवाळी दर लावले' हे सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं, नुसतं 'अपडेट' कळत नाही.

सापळा: पेमेंट गेटवेची किंवा नकाशाची गुप्त की (त्या सेवेचा पासवर्डच म्हणा) कोडमध्येच लिहून गिटहबवर ढकलणं. नंतर ती ओळ खोडली तरी इतिहासात ती राहते. असं झालंच तर खोडाखोड करत बसू नका. आधी ती की रद्द करा, नवी घ्या, मग साफसफाई. कींसाठी वेगळी एन्व्ह फाइल ठेवा आणि तिचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, पहिल्याच कमिटला घाला. गिटहबवर खाजगी रिपॉझिटरी (कोडचा साठा) फुकट मिळते, ग्राहकाचं काम तिथेच ठेवा.

३. मजकूर आल्याशिवाय डिझाइनला बसू नका

काकूंनी मला पेनड्राइव्ह दिला. 'अगं, सगळं छापलेलं आहे, डीटीपीवाल्याकडून आणलंय, नुसतं चिकटवायचं.' चिकटवलं तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. छापखान्यातले बरेच जुने मराठी फॉन्ट युनिकोड नसतात. आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा चढवतो. फॉन्ट काढला की चेहरा गेला.

अशा मजकुरासाठी कन्व्हर्टर मिळतात. वापरा, पण आंधळेपणाने नको. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं तिथे हमखास घसरतात. दोन पानांपेक्षा कमी मजकूर असेल तर सरळ पुन्हा टाइप करा. फोनवर बोलून टाइप केलं तर आणखी लवकर होतं, फक्त विरामचिन्हं नंतर घालावी लागतात.

फिग्मात 'लोरेम इप्सम' हा जागा भरायचा निरर्थक मजकूर भरू नका. इंग्रजीत 'ऑर्डर' लिहून बटण आखलं, मग तिथे 'मागणी नोंदवा' आलं की बटण फुटतं. खरा मजकूर, त्यातही सगळ्यात लांबलचक पदार्थाचं नाव घेऊन कार्ड आखा. माझ्याकडे ते 'उपवासाची साबुदाणा-बटाटा चकली' होतं. ते बसलं की बाकी सगळं बसतं.

४. देवनागरीचे हट्ट पुरवा

ही पायरी सावकाश वाचा. इंग्रजी साइटसाठी लिहिलेलं जवळजवळ प्रत्येक तयार टेम्पलेट इथे गोंधळ घालतं.

*ओळींमधली जागा.* आपल्या लिपीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजी शीर्षकांना शोभणारी १.१ ची लाइन-हाइट दिली तर 'पुरणपोळी'चा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसतो. मजकुराला १.६ ते १.८ आणि शीर्षकांना निदान १.३ ठेवा. कार्डावर 'ओव्हरफ्लो हिडन' असेल तर शीर्षकाचा माथा कापला जात नाही ना, हेही बघा.

*अक्षरांमधली जागा.* टेम्पलेटमध्ये बटणांना, मेनूला लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. मराठी मजकुरावर ते शून्य करा.

*तिरकी आणि ठळक अक्षरं.* देवनागरी फॉन्टांना खरं इटॅलिक सहसा नसतं. ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरकं करतो. जोर द्यायचा तर ठळक करा किंवा रंग बदला. ठळकसाठी त्या वजनाची फॉन्ट फाइल खरोखर जोडलेली हवी, नाहीतर ब्राउझर अक्षराला शाई फासतो आणि 'ष'चं पोट भरून जातं.

*फॉन्ट.* गुगल फॉन्ट्सवर मुक्त, बलू २, नोटो सॅन्स देवनागरी, पॉपिन्स, टिरो देवनागरी मराठी हे सगळे मोफत आहेत. मुक्त आणि बलू मुंबईतल्याच 'एक टाइप' या संस्थेचे. दुकानाच्या साइटला मी बहुतेक वेळा मुक्त घेते, कारण लहान आकारातही तो वाचता येतो. टिरो लेखांना छान, दरपत्रकाला नाही. वजनं दोनच घ्या, साधं आणि ठळक. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे शेकडो आकार असतात, त्यामुळे फाइल इंग्रजीपेक्षा जड होते.

फाइल हलकी करायला एकदा मी शहाणपणा केला. पानावर जी अक्षरं आहेत तेवढीच ठेवून फॉन्ट कापला. पुढच्या महिन्यात काकूंनी अळूवडी सुरू केली. तोवर साइटवर 'ळू' कुठेच नव्हता, त्यामुळे 'अ' आणि 'वडी' एका वळणाचे, मधला 'ळू' भलत्याच फॉन्टचा. गुगल फॉन्ट्स लिपीनुसार तुकडे करून फाइल पाठवतं, ते पुरे आहे.

*भाषेचा कोड.* पहिल्या पायरीतला 'एमआर' इथे कामाला येतो. हिंदीचा 'ल' आणि 'श' वेगळ्या वळणाचे. मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श', शासनानेही मराठीसाठी हीच वळणं प्रमाण धरली आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, तो पानाची भाषा बघून योग्य ते निवडतो. पान वाचून दाखवणारे स्क्रीन रीडरही याच कोडवरून उच्चार ठरवतात. भाषा इंग्रजी लिहून आत मराठी भरलं तर काय ऐकू येतं, ते एकदा फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावून ऐका.

५. शोध, फॉर्म आणि आकडे

आता त्या पुऱ्या. साइटवर शोधाची पट्टी होती. काकूंच्या सूनबाईंनी फोनवरून 'पुऱ्या' टाइप केलं तर 'काही सापडलं नाही'. समोर यादीत तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. मी दोन रात्री कोड उलटापालटा केला. कोड बरोबर होता.

हा 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला 'ऱ', मग हलन्त, मग 'य'. दुसरी, साधा 'र', हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग 'य'. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. यादी मी एका कीबोर्डवर टाइप केलेली, शोध दुसऱ्या कीबोर्डवरून आलेला. 'ॲ'चंही तेच: एक अखंड अक्षर, एक 'अ'ला जॉइनर लावून चंद्र जोडलेलं, शिवाय हिंदी कीबोर्डवरून येणारा 'ऍ'.

एकच अक्षर एकाच तऱ्हेत आणायची युनिकोडची सोय, म्हणजे एनएफसी नॉर्मलायझेशन, लावून हे मिटत नाही. एक छोटं फंक्शन लिहा जे शोधलेला शब्द आणि यादीतला शब्द दोन्ही एकाच तऱ्हेत आणेल, आणि मग तुलना करा. घाईत सगळी न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकू नका. जॉइनर गेला की पुऱ्यांची 'पुर्या' होते. आधी रूपांतर, मग सफाई.

फॉर्ममध्ये अक्षरांची मर्यादा घालताना लक्षात घ्या, 'श्रीकृष्ण' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, जावास्क्रिप्ट त्याची लांबी ९ सांगतं. नावाला २० ची मर्यादा घातली तर आडनाव दारातच अडकेल. खरी अक्षरं मोजायची तर जावास्क्रिप्टमधलं 'इंटल सेगमेंटर' बघा. मराठी एसएमएस पाठवायचा असेल तर १६० नव्हे, ७० अक्षरांत एक संदेश संपतो, आणि त्या ७० मध्ये काना-मात्राही मोजल्या जातात.

आकड्यांचं थोडक्यात:
- 'इंटल नंबरफॉरमॅट'ला मराठी-भारत सांगितलं की १,२५,००० असं देवनागरी आकड्यांत आणि लाखाच्या स्वल्पविरामांसह येतं.
- फोन नंबरच्या रकान्यात कुणी देवनागरी आकडे टाइप केले तर साधी तपासणी ते नाकारते. आतल्या आत इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या.
- व्हॉट्सॲपच्या दुव्यात ९१ आणि पुढे दहा आकडे. प्लस, शून्य, डॅश नको, आणि इथे आकडे इंग्रजीच हवेत.

वाशीच्या व्यापाऱ्यांची दरयादी एक्सेलमध्ये होती. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, करून पाठवली तर 'बेडगी मिरची'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तोच निवडायला सांगा. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ८एमबी४ ठेवा. तीन बाइटांच्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये देवनागरी बसते, पण कुणी अभिप्रायात लाडवाचं कौतुक करून एक इमोजी टाकला की गाडी अडते.

६. फोटो

फोनमधला फोटो ४-५ एमबीचा असतो. स्क्वूशमध्ये टाका, रुंदी १२०० पिक्सेल करा, वेबपी किंवा एव्हीआयएफ हा हलका फॉरमॅट निवडा, पट्टी सरकवत डावी-उजवी बाजू ताडून बघा. माझे बरेचसे फोटो दीडशे केबीच्या आत आले. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, म्हणजे पान भरताना मजकूर खाली-वर उड्या मारत नाही.

आणखी एक, जे मला फार उशिरा सुचलं. फोनच्या फोटोत जिथे तो काढला तिथले अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. घरून धंदा करणाऱ्या बाईचा फोटो जसाच्या तसा चढवणं म्हणजे घरचा पत्ता वाटणं. ही माहिती काढूनच फोटो चढवा.

७. स्वस्त फोनवर, उन्हात, गाडीत

क्रोममध्ये एफ-१२ दाबून मोबाइलचा आकार आणि 'स्लो ४जी' निवडा, मग लाइटहाउस हे क्रोममधलंच पान तपासायचं साधन चालवा. बघायचे आकडे तीन: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, पानाचं सरकणं ०.१ च्या आत राहावं. लाइटहाउस पहिला आणि तिसरा मोजतं. दुसरा खऱ्या वापरातूनच कळतो. शंभरपैकी शंभरचा हव्यास नको. मी एका साइटवर ९४ चे ९९ करायला आठवडा घालवला, ग्राहकाला काडीचा फरक पडला नाही.

मग तो जुना फोन काढा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. यूएसबी डिबगिंग चालू करून केबल जोडा, लॅपटॉपवरच्या क्रोमचं इन्स्पेक्ट पान उघडा. फोनवरचं पान लॅपटॉपवर तपासता येतं. ज्या चुका लॅपटॉपवरच्या खोट्या मोबाइलमध्ये दिसत नाहीत त्या इथे दिसतात: कीबोर्ड वर आला की झाकलं जाणारं बटण, अर्धवट स्क्रोल, उशिरा येणारा फॉन्ट.

शेवटी फोन घेऊन बाहेर पडा. मी तलावपाळीला भर दुपारी काकूंची साइट उघडली. पांढऱ्यावर हळदी रंगातले दर, ज्यांच्या मी प्रेमात होते, ते दिसेचनात. मजकूर आणि पार्श्वभूमीचं कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवं, क्रोमचा रंग निवडायचा चौकोन ते लगेच दाखवतो. मग संध्याकाळी गर्दीच्या लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून, अंगठ्याने ऑर्डर देऊन बघा. जे बटण सापडलं नाही ते चुकीच्या जागी आहे.

८. डोमेन आणि होस्टिंग

डोमेन ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलवर, ग्राहकाच्या कार्डवर. तुमच्या नावावर नको, मग ग्राहक कितीही म्हणो 'तूच घे गं, मला काही कळत नाही'. तुम्ही शहर सोडलंत, नंबर बदलला, तर त्यांच्या धंद्याची पाटी तुमच्या खिशात राहते. डॉट इन पुरेसं आहे. डॉट भारतही मिळतं आणि दिसायला गोड आहे, पण त्यावरचा ईमेल पत्ता बऱ्याच फॉर्ममध्ये चालत नाही, म्हणून ते जोडीला घ्या, एकटं नको.

साधी माहितीची साइट असेल तर होस्टिंगला, म्हणजे साइट ठेवायच्या जागेला, क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफाय यांच्या मोफत योजनेत भागतं. गिटहब पेजेसही फुकट आहे, पण त्यांच्या नियमांनुसार ते ऑनलाइन धंदा चालवण्यासाठी नाही. स्वतःचा पोर्टफोलिओ तिथे ठेवा. साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राला वेगळे पैसे कुणी मागितले तर दोनदा विचार करा. लेट्स एन्क्रिप्ट ते मोफत देतं. त्याची मुदत कमी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होतंय ना तेवढं बघा.

आणि हा सापळा माझ्या अंगावर आला म्हणून ठळक सांगते. नेमसर्व्हर (डोमेनची नोंदवही सांभाळणारा) बदलण्याआधी जुन्या डीएनएसमधली, म्हणजे त्या नोंदवहीतली, प्रत्येक नोंद उतरवून घ्या, विशेषतः एमएक्स. दंतवैद्यांची साइट मी नव्या होस्टिंगवर नेली, साइट झकास उघडली, मी चहा प्यायले. दीड दिवसाने त्यांचा फोन आला की कालपासून एकही ईमेल नाही. ईमेल एमएक्स नोंदीवर चालतो, आणि ती नोंद मी नव्या जागी नेलीच नव्हती. स्क्रीनशॉट काढायला दोन मिनिटं लागली असती.

९. सोपवताना

पैशांचं आधी ठरवा: सुरुवातीला निम्मे, साइट चालू होताना उरलेले, आणि किती वेळा बदल मोफत हे लेखी. मेसेजवर लिहिलं तरी चालेल. वर्षभराच्या देखभालीचे पैसे वेगळे सांगा, नाहीतर रात्री अकराला 'लाडवाचा दर पाच रुपयांनी वाढव' असा फोन येतो आणि तो वाढवावाच लागतो.

दर ग्राहकाला स्वतः बदलता येतील अशी सोय करून द्या. काकूंसाठी मी एक गुगल शीट जोडली. कॉलम तीनच, पदार्थ, वजन, दर. काकू चकलीचा दर बदलतात, साइटवर तो बदललेला दिसतो.

सोपवताना एका कागदावर हे लिहून द्या: डोमेन कुठे घेतलं, कोणत्या ईमेलवर, मुदत कधी संपते, होस्टिंग कुठे, कोड कुठे. पासवर्ड कागदावर नको, ते बिटवॉर्डनमध्ये ग्राहकाच्याच खात्यात. मुदतीची तारीख त्यांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये त्यांच्यासमोर टाका, एक महिना आधीची.

काकूंनी तो कागद कालनिर्णयच्या मागे अडकवला. पुढच्या वर्षी डोमेनचे पैसे त्यांनीच भरले, मला फक्त पावतीचा स्क्रीनशॉट आला, आणि खाली प्रश्न: 'यंदा अनारसे टाकू का गं साइटवर?'